जोडणी न होणारा लॅपटॉप : दोष शोधण्याची रीत

आपल्या प्राथमिक शाळांच्या दप्तरात हजेरीपट, जनरल रजिस्टर व कीर्द यांच्या जोडीला आता लॅपटॉप हे नवे साधन येऊन बसले आहे. विद्यार्थ्यांची माहिती युडायस प्लसवर भरणे, शालेय पोषण आहाराची नोंद करणे, वरिष्ठ कार्यालयाकडून आलेली पत्रे उतरवून घेणे ही कामे त्याच्यावाचून होत नाहीत. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठावरील पाठ वर्गाला दाखवावयाचे तरी तोच हाताशी लागतो. परंतु ही सर्व कामे एका गोष्टीवर अवलंबून असतात, ती म्हणजे इंटरनेटची जोडणी. ती तुटली म्हणजे चांगले यंत्रही लोखंडी कपाटात पडून राहते आणि शिक्षक तालुक्याच्या गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहू लागतो.

प्रस्तुत लेखकाला या बाबतीत आलेला अनुभव सांगण्यासारखा आहे. शाळा द्विशिक्षकी. सहशिक्षिका प्रशिक्षणास गेलेल्या. माहिती भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. सुटीनंतर प्रथमच लॅपटॉप उघडला, तर 'जोडलेले आहे' असे चिन्ह दिसे, पण एकही पान उघडेना. तीन वेळा सांकेतिक शब्द पुन्हा घातला, दोन वेळा यंत्र बंद करून चालू केले, दिसेल ती कळ दाबून पाहिली. अखेर मुलांना दुपारी सोडून दिले आणि लॅपटॉप पिशवीत घालून तालुका गाठला. तेथील दुकानदाराने पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेवर बोट ठेवले. यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. त्याने तारीख सुधारली आणि पान उघडले. काम दोन मिनिटांचे होते. त्यासाठी मुलांची अर्धी शाळा बुडाली. ती चुकीची तारीख सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होती. मी पाहिले पुष्कळ. क्रमाने मात्र काहीच पाहिले नाही.

दोष शोधण्यासाठी यंत्रशास्त्राच्या ज्ञानापेक्षा क्रमाची अधिक गरज असते. तो क्रम कोणता, हे या लेखात सांगावयाचे आहे.

१. जोडणी म्हणजे काय?

विहिरीचे पाणी वाफ्यापर्यंत आले नाही तर शेतकरी काय करतो? तो एकदम विहिरीत उतरत नाही. वाफ्यापासून निघून दंडाच्या कडेने तो मागे मागे चालत जातो. कोठे दंड फुटला आहे, कोठे पाट गाळाने भरला आहे, कोठे कोणी पाणी दुसरीकडे वळविले आहे, हे पाहत जातो. जेथपर्यंत पाणी आहे व जेथून पुढे नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

इंटरनेटची जोडणी ही अशीच पाटाच्या पाण्यासारखी आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) लॅपटॉपमधील बिनतारी संदेश घेणारा भाग, म्हणजेच वाय-फाय;
(आ) खोलीतील राउटर किंवा शिक्षकाचा मोबाइल;
(इ) तेथून बाहेर जाणारी वाट, म्हणजे काचतंतूची तार किंवा मोबाइलचा मनोरा;
(ई) संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी व्यवस्था;
(उ) ज्यावर संकेतस्थळ ठेवलेले आहे तो दूरचा संगणक.

यांपैकी एक टप्पा तुटला तरी पडद्यावर दिसणारा परिणाम बहुधा एकच असतो : पान उघडत नाही. म्हणून परिणामावरून तर्क बांधीत बसू नये. वाफ्याकडून विहिरीकडे एकेक टप्पा पाहत जावे.

२. आरंभीचे तीन प्रश्न

कोणत्याही कळीला हात लावण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : त्याच जोडणीवर दुसरे यंत्र चालते काय? राउटरला जोडलेल्या मोबाइलवर पान उघडत असेल तर बाहेरची वाट ठीक आहे. दोष लॅपटॉपमध्ये आहे. ही परीक्षा घेताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवण्यास विसरू नये, नाहीतर उत्तर फसवे मिळते.

दुसरा प्रश्न : दुसरे संकेतस्थळ उघडते काय? दुसरे उघडत असेल तर जोडणी साबूत आहे. अडचण त्या एका संकेतस्थळाची आहे.

तिसरा प्रश्न : शेवटी केव्हा चालले होते आणि मध्यंतरी काय बदलले? राउटर दुसऱ्या खोलीत हलविला काय? सांकेतिक शब्द बदलला काय? यंत्र दुरुस्तीहून आले काय? लॅपटॉप महिनाभर बंद होता काय? पुष्कळ वेळा या प्रश्नाच्या उत्तरातच दोष सापडतो.

या तीन प्रश्नांना पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

३. लॅपटॉपची तपासणी

आता वाफ्यापासून आरंभ करू. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील जोडणीचे चिन्ह दाबावे. तेथे विमानाचे चित्र उजळलेले असेल तर एअरप्लेन मोड चालू आहे, म्हणजे यंत्राने सर्व बिनतारी संदेश बंद केले आहेत. वरच्या ओळीतील एखाद्या कळीवरही असे चित्र असते आणि साफसफाई करताना ती सहज दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपांना यासाठी कडेला लहानसे सरकते बटण असते, तेही पाहावे.

वाय-फाय चालू असून आपल्या जोडणीचे नाव यादीत दिसत असेल, पण यंत्र जुळत नसेल, तर सांकेतिक शब्दाची शंका घ्यावी. त्यात मोठे व लहान इंग्रजी अक्षर वेगळे धरले जाते. म्हणून कॅप्स लॉकचा दिवा पाहावा. शब्द बदलला गेला असेल तर त्या नावावर 'फरगेट' ही आज्ञा देऊन जुनी आठवण पुसावी आणि नवा शब्द घालून पुन्हा जुळवावे.

यादीत शेजारच्या घरांची नावे दिसतात आणि आपलेच दिसत नाही, असे झाल्यास दोन कारणे संभवतात. एक अंतराचे : पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट व दगडी जाड भिंत ही तिन्ही बिनतारी संदेशाला अडवितात. दुसरे असे की, वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते आणि अनेक जुन्या लॅपटॉपांना दुसरा पट्टा ऐकूच येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या मांडणीत २.४ गिगाहर्ट्झ निवडले म्हणजे नाव दिसू लागते.

वाय-फायचे बटणच पडद्यावरून नाहीसे झाले असेल तर त्या भागाला चालविणारी प्रणाली, जिला ड्रायव्हर म्हणतात, बिघडली किंवा पुसली गेली असे समजावे. दुरुस्तीत विंडोज नव्याने घातलेल्या यंत्रात हे वारंवार दिसते. तेथे नित्याची चार्जिंगची तार कामी येते. ज्या तारेतून माहितीही वाहते अशा यूएसबी तारेने मोबाइल लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या मांडणीत 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. या रीतीत लॅपटॉपच्या वाय-फायची गरज लागत नाही. निकडीचे काम त्यावर उरकावे व हरवलेला ड्रायव्हर यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. शिवाय ही एक उत्तम परीक्षाही आहे : तारेने चालते व वाय-फायने चालत नाही, तर दोष लॅपटॉपच्या वाय-फायमध्ये किंवा त्याच्या जुळणीत आहे, हे निश्चित होते.

४. मोबाइलची जोडणी

पुष्कळ शाळांत शिक्षकाच्या मोबाइलवरूनच काम चालते. येथील नेहमीचा दोष म्हणजे डेटाची दैनिक मर्यादा संपणे. मर्यादा संपल्यावर अनेक योजनांत जोडणी तुटत नाही. वेग मात्र इतका उतरतो की पान उघडत नाही. चिन्ह 'जोडलेले' असेच राहते व आपण लॅपटॉपला दोष देतो.

मर्यादा इतक्या लवकर का संपते, असा प्रश्न येईल. महिनाभर बंद असलेला लॅपटॉप जोडणी मिळताच विंडोजची सुधारणा मागच्या मागे उतरवू लागतो आणि दिवसाचा डेटा तासाभरात गिळतो. यावर उपाय सोपा आहे. त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावे. म्हणजे ही जोडणी मोजूनमापून वापरावयाची आहे हे यंत्राला कळते व बहुतेक मोठ्या सुधारणा ते थोपवून धरते. अर्थात सुधारणा कायमच्या टाळू नयेत. सुरक्षिततेसाठी त्या आवश्यकच असतात. त्यांच्यासाठी सवडीचा एखादा दिवस राखावा.

५. राउटर आणि काचतंतू

२०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याचे काम झाले. ज्या शाळांना अशा तंतूवरून जोडणी मिळाली आहे त्यांनी पेटीवरील दिव्यांची भाषा शिकून घ्यावी. 'पॉवर' हा दिवा विजेचा. 'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असेल तर तंतूतून प्रकाश नीट येत आहे. 'एलओएस' या अक्षरांचा दिवा तांबडा झाला तर प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही, अर्थात तंतू कोठेतरी तुटला, निसटला किंवा फार वाकला आहे. अशा वेळी लॅपटॉपमध्ये कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ होय. जोडणी देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तंतूचे टोक सोडवून डोळ्यांपुढे धरू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, तरी तो डोळ्यांना अपायकारक ठरू शकतो.

दिवे ठीक असूनही जोडणी नसेल तर पेटी व राउटर यांची वीज बंद करावी, सुमारे एक मिनिट थांबावे, मग आधी पेटी व नंतर राउटर चालू करून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. एकदा करून उपयोग झाला नाही तर दहादा करून होत नाही.

६. पत्ता आणि नाव

येथवर सारे ठीक असूनही पान उघडत नसेल तर यंत्रालाच प्रश्न विचारावेत. शोधाच्या चौकटीत सी, एम, डी ही इंग्रजी अक्षरे लिहून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे सलग टंकित करावीत व एंटर दाबावे. चालू जोडणीच्या मथळ्याखाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' अशी ओळ येते. हा लॅपटॉपचा अंकी पत्ता असून राउटर किंवा मोबाइल तो नेमून देतो. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. यंत्राने वाट पाहून स्वतःच एक पत्ता धारण केला आहे, असे समजावे. अशा वेळी जोडणी विसरवून पुन्हा जुळवावी आणि राउटर एकदा बंद-चालू करावा.

पत्ता योग्य असेल तर त्याखालील 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीतील अंक उतरून घ्यावेत. हा राउटरचा किंवा मोबाइलचा पत्ता होय. आता पी, आय, एन, जी ही अक्षरे, एक मोकळी जागा व ते अंक लिहून एंटर दाबावे. पिंग ही आज्ञा म्हणजे आडात दगड टाकून पाण्याचा आवाज ऐकण्यासारखी आहे : आपण एक लहान संदेश धाडतो व तो परततो काय, हे पाहतो. ती अमेरिकेतील माइक म्यूस यांनी १९८३ साली रचली आणि आजही प्रत्येक संगणकात आहे. 'रिप्लाय फ्रॉम' असे उत्तर आल्यास राउटरपर्यंतचा पाट वाहता आहे. मग त्याच रीतीने ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता विचारावा. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बहुधा बाहेरची वाट तुटली आहे.

८.८.८.८ कडून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव लिहून पिंग केल्यास 'कुड नॉट फाइंड होस्ट' असे दिसते, तर दोष नावनिशीत आहे. संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावे ही माणसांच्या सोयीसाठी. जनरल रजिस्टरात नावावरून विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक काढावा, तसे संकेतस्थळाच्या नावावरून अंकी पत्ता काढणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तिला डीएनएस म्हणतात. त्यापूर्वी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत व ती यादी सर्वांनी उतरवून घ्यावी लागे. या व्यवस्थेत बिघाड असेल तर वाट चालू असूनही पत्ता सापडत नाही. लॅपटॉप व राउटर दोन्ही एकदा बंद-चालू करावेत. तेवढ्याने बहुधा काम भागते. न भागल्यास जोडणीच्या मांडणीत डीएनएस म्हणून ८.८.८.८ लिहावे, मात्र आधी तेथे काय होते ते टिपून ठेवावे.

७. तारखेचा दोष

आरंभी सांगितलेला दोष आता समजणे सोपे जाईल. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ओळखीचे एक प्रमाणपत्र असते व ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असते. लॅपटॉप स्वतःच्या घड्याळाशी ते ताडून पाहतो. घड्याळ मागे गेलेले असेल तर ते प्रमाणपत्र त्याला अद्याप लागू न झालेले दिसते आणि तो पान उघडण्यास नकार देतो. घड्याळ चालू ठेवण्यासाठी अनेक लॅपटॉपांत नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती दुबळी झाली व यंत्र दीर्घकाळ बंद राहिले म्हणजे तारीख मागे पडते. तारीख व वेळ सुधारावी, भारतीय प्रमाणवेळ निवडावी. तारीख वरचेवर हरवत असेल तर ती बॅटरी बदलून घ्यावी. तिची किंमत फारशी नसते. लॅपटॉप उघडताच प्रथम तारीख पाहण्याची सवय लावून घेणे, हे मला सर्वांत स्वस्त औषध वाटते.

८. दोष आपला नसतो तेव्हा

मुदतीच्या अखेरच्या दिवशी असंख्य शाळा एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. दूरच्या संगणकावर ताण पडतो व पान उघडत नाही. इतर संकेतस्थळे उघडत असतील तर आपल्या यंत्राची मोडतोड करू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे, त्यावर तारीख-वेळ दिसेल असे पाहावे, केंद्रप्रमुखांना कळवावे आणि रात्री किंवा पहाटे पुन्हा प्रयत्न करावा. माहिती पहिल्या आठवड्यात भरण्याची शिस्त ठेवली तर हा प्रसंग सहसा येत नाही.

९. काही पथ्ये

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व लगेच परिणाम पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही, आणि बिघडल्यास कोणती परत फिरवावी तेही कळत नाही.

'नेटवर्क रीसेट' ही आज्ञा अगदी शेवटी द्यावी. तिच्यामुळे साठवलेल्या सर्व जोडण्या व सांकेतिक शब्द पुसले जातात. ते आधी कागदावर उतरवून ठेवावेत.

मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर दूरध्वनी करू नये. यंत्राचा ताबा दूरवरून मागणारा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारणारा मनुष्य मदतनीस नसतो. शाळेच्या लॅपटॉपमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांची माहिती असते. तिचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

१०. दोषवही आणि वर्ग

शाळेत शंभर पानांची एक वही 'लॅपटॉप दोषवही' म्हणून ठेवावी. तीत चार रकाने आखावेत : तारीख, काय दिसले, काय तपासले, काय केल्याने सुधारले. वर्षभरात दहा-बारा नोंदी होतील. बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकाला ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण ती त्याच खोलीची, त्याच राउटरची व त्याच यंत्राची हकिकत असेल.

ही रीत मुलांनाही शिकविण्याजोगी आहे. पाचवी ते सातवीच्या पाच मुलांना ओळीने उभे करावे : एक लॅपटॉप, दुसरा राउटर, तिसरा तार, चौथा नावनिशी, पाचवा दूरचा संगणक. पहिल्याने पाटीवर प्रश्न लिहून पुढे द्यावा व उत्तर त्याच वाटेने परत यावे. मग गुरुजींनी एका मुलाच्या कानात 'तू पाटी अडव' असे सांगावे, आणि सर्वांची पाठ ओळीकडे असलेल्या उरलेल्या वर्गाने केवळ प्रश्न विचारून अडविणारा शोधून काढावा. आरंभी मुले वाटेल त्याचे नाव घेतील. थोड्याच वेळात एखादी मुलगी विचारील, 'राउटरपर्यंत पाटी पोचली का?' त्या प्रश्नात सारा धडा आला. सायकलची चाके, हातपंप, वजाबाकीतील चूक, सर्वत्र हीच रीत लागू पडते.

आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. ते खेड्यातील शाळेच्या खोलीपर्यंत येण्यास बराच काळ लागला. आता ते आले आहे, तर लहानशा दोषापायी शाळेचा दिवस खर्ची पडू देणे बरे नव्हे. माझ्या दोषवहीतील पहिली नोंद अशी आहे : 'पान उघडेना. तारीख मागे. सुधारली. अर्धा दिवस शाळा बुडाली.' त्यानंतरच्या नोंदी पुष्कळ आहेत; शेवटचे वाक्य मात्र पुन्हा लिहावे लागलेले नाही.